पाच नंबरच्या बोअरमधला हरवलेला दगड

जमिनीखाली काय आहे ते आमच्या जावईबापूंना दिसतं, असा माझ्या सासुरवाडीत बरीच वर्षं समज होता. वर्ध्याला गेलो की कोणी ना कोणी मला शेतात घेऊन जाई आणि विचारी, "जावईबापू, विहीर कुठं घेऊ?" मी सांगायचो, मला पाण्यातलं काही कळत नाही, मी सोनं शोधणाऱ्या कंपनीत आहे. त्यावर लोक जास्तच आदराने बघायचे आणि मला आणखी घट्ट धरून ठेवायचे.

खरं म्हणजे जमिनीखालचं मला काहीच दिसत नव्हतं. मला दिसायची ती उसाच्या कांड्याएवढी जाड दगडाची कांडी. तिच्यावरून बाकीचा डोंगर ओळखायचा, हा माझा धंदा.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे दिवस. मध्य प्रांत होता, राजधानी नागपूर होती. तिथून बी.एस्सी. करून मी जबलपूरला घरी परतलो होतो आणि वडील माझ्यासाठी मास्तरकी बघत होते. तेवढ्यात सिविल लाइंसमधल्या एका जुन्या बंगल्यात या कंपनीने कचेरी उघडली. दगडांची नावं सांगू शकेल असा माणूस त्यांना हवा होता. मी सांगू शकत होतो, निदान पुस्तकातली तरी.

काम चालायचं सिहोऱ्याच्या पलीकडे. रेल्वेने जायचं, पुढे बैलगाडीने. तिथे एका टेकडीच्या उतारावर बोअर मारायचं यंत्र उभं होतं. लोखंडी नळीच्या टोकाला बारीक काळे हिरे बसवलेले असत. नळी गरगर फिरत खाली जाई आणि दगड गोल कापत नेई. कापलेला दगड नळीच्या पोटात शिरे. दहा फूट झाले की नळ्या वर ओढायच्या आणि आतली कांडी बाहेर काढायची. तिला आम्ही कोअर म्हणायचो. लांब लाकडी खोक्यांत खाचा असत, त्यात कोअर क्रमाने मांडून शेजारी खोलीचा आकडा लिहिलेला लाकडाचा ठोकळा ठेवायचा. मी भिंग घेऊन एकेका इंचाची नोंद करी: रंग, दाणा, भेगा, भेगेत काय भरलंय. नंतर कोअर उभी चिरून अर्धी दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत पाठवायची. सोनं आहे की नाही, ते तिथे ठरायचं.

यंत्र चालवायचे रामदयाल उस्ताद. कटनीकडचे, मोठ्या मिशांचे, कमी बोलणारे. दिवसाला किती फूट खाली गेलो यावर त्यांची इज्जत असे. संध्याकाळी काम थांबलं की ते माझ्याकडे येऊन फक्त आकडा सांगत आणि मी 'वा' म्हटल्याशिवाय जात नसत.

आणि होती फुलाबाई. नदीनाल्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्या सोनझऱ्यांपैकी ती एक. वय पन्नासच्या पुढे, हातावर गोंदण, लाकडाची उथळ परात कमरेवर. यंत्र चालताना नळीतून पाणी खाली सोडावं लागतं. ते बाहेरून वर येतं आणि दगडाचा भुगा घेऊन येतं. तो भुगा धुऊन बघायला आमच्या हॉब्सन साहेबांनी चौथ्या बोअरपासून तिला कामावर घेतलं. दर पाच फुटांचा भुगा वेगळ्या पिशवीत. ती परातीत घेऊन पाण्यात अशी काही हेलकावायची की दगड निघून जाई आणि तळाशी काळ्या रेतीची एक चंद्रकोर उरे. सोनं असलं तर त्या चंद्रकोरीच्या शेपटाला.

आठ बोअर झाले. प्रयोगशाळेचं उत्तर आठही वेळा एकच: काही नाही. तांबं थोडं, लोखंड भरपूर, सोनं शून्य. पण फुलाबाईच्या परातीत पाच नंबरच्या बोअरमध्ये एकशे चाळीस फुटांच्या पुढे चांगले सात-आठ पिवळे कण आले होते. सहा नंबरमध्येही दोन-तीन.

हॉब्सन साहेब उंच, सडपातळ, सभ्य गृहस्थ. मला त्यांनी कधी आवाज चढवून हाक मारली नाही. कॅम्प बंद करायचा अहवाल लिहायला बसले तेव्हा त्यांनी माझी वही उघडून पाच नंबरच्या पानावर बोट ठेवलं.

"कोअरमध्ये सोनं नाही. मग परातीत कुठून आलं?"

मी म्हणालो, "ठाऊक नाही."

"त्या बाईजवळ स्वतःचं सोनं असतं. मी पाहिलंय."

ते मीही पाहिलं होतं. मोरपिसाच्या पोकळ देठात ती आपले कण साठवायची आणि तो देठ अंबाड्यात खोचायची. कंपनी चालू राहिली तर तिचं काम चालू राहणार होतं. साहेबांना काय म्हणायचं होतं ते कळायला मला वेळ लागला नाही. वाईट याचं वाटतं की ते पटायलाही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक उद्योग केला. गाडीरस्त्यावरची बारीक माती एका पिशवीत भरली, तिच्यावर पाच नंबरची, एकशे चाळीस फुटांची चिठ्ठी बांधली आणि फुलाबाईला म्हटलं, एक पिशवी धुवायची राहून गेली होती. माझा हिशेब साधा होता. यात सोनं निघालं तर ते देठातलं.

तिने परात पाण्यात धरली, दोनदा हेलकावली आणि थांबली. चिमूटभर माती अंगठ्याने तळहातावर घासली.

"जा माटी इतै की नइयाँ, बाबूजी," ती म्हणाली. ही माती इथली नाही. "यंत्राचा भुगा टोचतो. ही माती घासून घासून गोल झालेली आहे. रस्त्याची आहे."

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. परात पालथी केली, हात धुतले, परात कमरेला लावली आणि उतारावरून निघून गेली. रामदयाल उस्ताद यंत्राशी उभे राहून बघत होते. त्या संध्याकाळी ते आकडा सांगायला आले नाहीत.

त्या रविवारी मी जबलपूरला घरी आलो. आम्ही तेव्हा राइट टाउनमध्ये राहायचो. जेवताना गप्प होतो, म्हणून शांताने, माझ्या बायकोने, विचारलं, "काहून असे बसून राहिले? तब्येत बरी नाही का?"

मी तिला सगळं सांगितलं, रस्त्याच्या मातीचंही. ती माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. पण तिचं लक्ष भलतीकडेच गेलं.

"मले एक सांगा," ती म्हणाली, "दगड कापत कापत मशीन खाली जाते. कडक दगड कापला की त्याची कांडी होते. पण मऊ लागलं तं?"

"मऊ असलं तर कांडी होत नाही. चुरा होतो आणि पाण्याबरोबर वर निघून जातो."

"मग तुम्ही वहीत फक्त कडक दगडच लिहून राहिले नं? मऊ जे होतं ते कुठं लिहिता?"

मी घास ताटात परत ठेवला. मऊ असेल ते मी लिहीत होतो, पण कसं? दहा फूट कापले आणि खोक्यात आठच फूट कोअर आली, तर मी दोन फुटांची जागा रिकामी सोडून लिहायचो: 'कोअर आली नाही.' आणि पुढच्या दगडाकडे वळायचो. पाठवायला दगडच नाही म्हटल्यावर प्रयोगशाळेलाही तिथलं काही जात नव्हतं.

हात धुऊन मी तसाच सायकलने सिविल लाइंस गाठलं. बंगल्यामागच्या जुन्या तबेल्यात आमची खोकी रचलेली असत. चौकीदाराने कुरकुरत कुलूप काढलं. पाच नंबरची खोकी मी उजेडात ओढली. एकशे बेचाळीस ते एकशे चव्वेचाळीस: रिकामी जागा. तिच्या वरची कांडी पांढऱ्या संगमरवरी दगडाची, पण तिचं खालचं टोक तांबूस डागाळलेलं. रिकाम्या जागेखालच्या कांडीचं वरचं टोकही तसंच. मध्ये काहीतरी गंजलेलं, मऊ होतं, आणि जाताना ते दोन्ही टोकांना रंग लावून गेलं होतं. सहा महिने ती खोकी माझ्या हाताखालून गेली होती आणि मी त्या डागांकडे पाहिलं नव्हतं.

मग बाकीची खोकी काढली. तीन नंबरमध्ये पंचाण्णव फुटांवर एक फूट गायब, टोकं तांबूस. सहा नंबरमध्ये पाच नंबरपेक्षा जरा खाली, पाऊण फूट. बाकी पाच बोअरमध्ये अशी जागा नव्हती. कचेरीत जाऊन मी टेकडीचा उभा छेद काढला. कलिंगड मधोमध कापल्यावर आतलं दिसतं ना, तसं टेकडी कापली तर काय दिसेल त्याचं चित्र. त्यावर बोअरच्या रेघा ओढल्या आणि तिन्ही रिकाम्या जागांवर लाल टिंबं दिली. पट्टी ठेवली. तीन टिंबं एका सरळ रेषेत आली. ती रेषा टेकडीच्या पोटात तिरकी उतरत होती आणि ज्या पाच बोअरमध्ये काही हरवलं नव्हतं, ते तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच थांबले होते.

आयुष्यात असं फार थोड्या वेळा होतं. मी पट्टी उचलली आणि पुन्हा ठेवून पाहिली. चार-पाच वेळा तरी.

सोमवारी साहेबांसमोर कागद ठेवला. त्यांनी स्वतःची पट्टी मागवली, स्वतः ठेवून पाहिली, आणि म्हणाले, "एक बोअर. हेड ऑफिसकडून मी एवढंच मिळवू शकतो. कुठे मारायचा ते तुम्ही सांगा. पाच नंबरच्या शेजारी?"

"नाही," मी लगेच म्हणालो. "आणखी पुढे, उतारावर. माझी रेषा बरोबर असेल तर तिथे ती एकशे नव्वद फुटांवर लागली पाहिजे."

ते वाक्य मी आजवर पुष्कळदा आठवलं आहे.

नवव्या बोअरच्या आधी फुलाबाईला परत आणायला हवं होतं. तिचं झोपडं नाल्याकाठी होतं. मी गेलो तेव्हा ती गुडघाभर पाण्यात वाळू धूत होती. तिने पाहिलं, पण हात थांबवला नाही. मी काठावर उकिडवा बसून राहिलो. शेवटी म्हणालो, "माझं चुकलं. सोनं तिथलंच होतं. दगड आमच्याकडून हरवला."

"शक होता तर मला विचारायचं," ती तिच्या बोलीत म्हणाली. "मुझसे पूछ लेते. चोरून काय परखायचं?"

मग तीच हसली. "मैंने भी परखा था तुमको."

पहिल्याच दिवशी, मला धुवायची रीत दाखवताना, तिने देठातला एक मोठा कण परातीत टाकला होता आणि पाणी प्यायच्या निमित्ताने ती उठून गेली होती. बाबू कण उचलतो का बघायला. परत आली तर कण जागच्या जागी होता. म्हणून ती कामाला राहिली.

माझ्या वहीत हिचं सोनं चढलं की काय? "कोणती परात? कोणत्या पिशवीची?" मी ओरडलोच.

ती आणखीनच हसायला लागली. "नाल्याची वाळू होती, शिकवायची. तुमच्या वहीत नाही चढली. आणि माझा कण मी काढून घेतला."

यायला ती तयार झाली, पण एका अटीवर. भुगा नळीच्या तोंडातून बाहेर पडल्यापासून परातीच्या तळाशी पोचेपर्यंत मी शेजारी बसायचं आणि धुवायलाही शिकायचं, म्हणजे पुन्हा कोणाच्या भरवशावर राहायला नको. मी शिकलो. पहिले चार दिवस सोन्यासकट सगळंच नाल्यात गेलं. "हओ, हओ, फेंको, कंपनी की माटी है," असं म्हणत ती मला धीर देई.

रामदयाल उस्तादांना समजावणं त्याहून अवघड गेलं. एकशे ऐंशी फुटांपर्यंत हवं तसं जा, मी म्हणालो, पण तिथून पुढे एकेक फूट कापून नळी वर काढायची, पाणी कमी ठेवायचं, यंत्र सावकाश चालवायचं. त्याआधी वरचा चुरा आत पडू नये म्हणून भोकात अस्तराची नळी बसवायची आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत भोक धुवायचं.

"एक एक फुट?" त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बाबूजी, मुझसे कोई गलती हुई है?"

"नाही उस्ताद. दगडच तसा आहे."

त्यांना ते लागलं. पण त्यांनी केलं, आणि कामात तसूभरही कसूर ठेवली नाही.

एकशे नव्वद आले. पांढरा दगड. एक्याण्णव, पांढरा. ब्याण्णव, पांढरा. हॉब्सन साहेब खुर्ची टाकून बसले होते. ते उठले आणि फेऱ्या मारू लागले. त्र्याण्णवाव्या फुटात यंत्राचा आवाज बदलला. करकर थांबली आणि लोण्यात सुरी जावी तशी नळी खाली सरकली. मी हात वर करायच्या आत उस्तादांनी यंत्र बंद केलं होतं. त्यांनी नळी वर घेतली, पण एरवी हातोडीने ठोकत तशी ती ठोकली नाही. आडवी धरून लाकडाच्या दांड्याने हलके हलके टकटक केलं. कोअर बाळासारखी घसरत खाचेत आली.

पांढरा दगड, मग चार बोटं रुंद तांबडी-तपकिरी, भुसभुशीत पट्टी, तिच्यात गारगोटीचा एक बारीक धागा, मग पुन्हा पांढरा दगड. मी भिंग लावलं. धाग्याच्या कडेला पिवळं होतं. माशीच्या पायाएवढं, पण लोखंड-गंधकाच्या खोट्या सोन्यासारखं चमकून फसवणारं नव्हे. सगळ्या बाजूंनी सारखंच, शांत पिवळं. शेजारी फुलाबाईने परात तिरपी केली. काळ्या चंद्रकोरीला पिवळं शेपूट आलं होतं.

साहेबांनी टोपी काढली, भिंगातून पाहिलं आणि माझा हात हातात घेतला. मी एकशे नव्वद म्हणालो होतो, लागलं एकशे त्र्याण्णवला. अंधारात तीन फुटांची चूक! त्या दिवशी मला जमीन काचेची झाल्यासारखी वाटत होती.

प्रयोगशाळेचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. सोनं उत्तम होतं, पण चार बोटांच्या पट्टीसाठी एवढ्या खोल खाण काढणं परवडत नाही. हेड ऑफिसची तार आली: काम बंद करा, यंत्र दुसऱ्या प्रांतात पाठवा. कॅम्पवरच्या चाळीस माणसांना घरी जायचं होतं. मी मात्र मनातून आनंदातच होतो, हे कबूल केलं पाहिजे. प्रश्न पडला होता, उत्तर मिळालं होतं, आणि ते मी सांगितलं तसंच निघालं होतं.

सामान बांधायच्या दिवशी रामदयाल उस्ताद जबलपूरला तबेल्यात आले. म्हणाले, नऊ नंबरचा तो तुकडा एकदा नीट दाखवा. मी खोकं काढलं, भिंग दिलं. बराच वेळ पाहून म्हणाले, "अब पाँच नंबर दिखाइए." तेही काढलं. तांबूस टोकांच्या मधली दोन फुटांची रिकामी जागा त्यांनी वीत लावून मोजली.

"म्हणजे हे मी दळून टाकलं," ते हळूच म्हणाले.

"उस्ताद, आपण सगळेच फूट मोजत होतो. मी 'वा' म्हणायचो ना."

ते ऐकत नव्हते. त्यांनी एका हाताची चार बोटं नऊ नंबरच्या पट्टीवर ठेवली, दुसऱ्या हाताची वीत पाच नंबरच्या रिकाम्या जागेवर. "बाबूजी, नौ में चार अंगुल निकला. पाँच में कितना रहा होगा?"

मी वाकून दोन्ही खोकी पुन्हा पाहिली.

पाच नंबरमध्ये दोन फूट हरवले होते. त्यात ती पट्टी चार बोटं असेल आणि बाकी ठिसूळ दगड असेल. किंवा दोन्ही फूट तीच असेल. अशा पट्ट्या कुठे जाड होतात, कुठे बारीक. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. सगळ्यात जास्त कण फुलाबाईच्या परातीत आले ते पाच नंबरचेच. साहेबांनी स्वतःहून विचारलं होतं, पाच नंबरच्या शेजारी? तिथे सावकाश बोअर मारला असता तर जाडी कळली असती. मी नाही म्हणालो, कारण मला जाडी मोजायची नव्हती. मला माझी रेषा बरोबर आहे हे बघायचं होतं.

मी तसाच वर कचेरीत गेलो. साहेब कागद आवरत होते. त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खिडकीतून बाहेर पाहिलं. यंत्र त्याच सकाळी सिहोऱ्याला मालगाडीत चढलं होतं.

"हे मीही विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "मीही तुमच्या रेषेकडेच बघत राहिलो."

पुढे मी पुष्कळ वर्षं नोकरी केली. मँगनीज पाहिलं, चुनखडी पाहिली, कोळसा तर इतका पाहिला की रुमाल कधी पांढरा राहिला नाही. हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला मी आधी रिकाम्या जागा मोजायला बसवायचो. त्यांना तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटायचा.

त्या दिवशी मात्र खाली तबेल्यात परत आलो तेव्हा उस्ताद खोक्याजवळच उभे होते. मी त्यांना म्हणालो, "ठाऊक नाही, उस्ताद. आता कळायचंही नाही." त्यांनी मान हलवली. मग मी वही काढली, पाच नंबरचं पान उघडलं, एकशे बेचाळीस ते एकशे चव्वेचाळीस फुटांसमोरचं 'कोअर आली नाही' खोडलं आणि त्यांच्यासमोर लिहिलं: 'सोन्याची पट्टी. जाडी माहीत नाही.' उस्तादांना वाचता येत नव्हतं. काय लिहिलं ते त्यांनी विचारलं, मी वाचून दाखवलं, आणि दोघांनी मिळून खोक्याला झाकण ठोकलं.